जूडी हॉलिडे आणि पडद्यावरची बिनडोक बाई



स्मृतिव्याख्यान म्हटलं की विचारवंत, समाजसुधारक, फार तर एखादा शास्त्रज्ञ असा विषय अपेक्षित असतो. एका अमेरिकन विनोदी अभिनेत्रीचं नाव निमंत्रणपत्रिकेवर वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील, आणि त्यात गैर काहीच नाही. जूडी हॉलिडे हे नाव आज अमेरिकेतही सर्रास आठवलं जात नाही. १९४९ ते १९६० या काळात तिनं लक्षात राहतील असे आठ चित्रपट केले, त्यांतल्या एकासाठी ऑस्कर मिळवलं, एका संगीतिकेसाठी टोनी मिळवलं आणि वयाची चव्वेचाळीस वर्षं पुरी होण्याआधी ती गेली. बहुतेक भूमिका एकाच जातीच्या: सोनेरी केसांची, किनऱ्या आवाजाची, जगाचं काही कळत नसलेली बाई. मग एक तास हिच्यावर का घालवायचा? माझं म्हणणं असं आहे की, ही बाई मूर्ख कशी असते हे जूडीनं दाखवलंच नाही. तिला मूर्ख कोण ठरवतं, कशासाठी ठरवतं आणि त्यात कुणाचं भलं होतं, हे तिनं दाखवलं. तेही भाषण न ठोकता, हसवता हसवता. हा माझा दावा आहे. तो पुराव्यानिशी मांडायचा आहे आणि त्यावरचे आक्षेपही ऐकून घ्यायचे आहेत.

आधी ही बाई पडद्यावर आली कुठून ते थोडक्यात पाहू. जूडीच्या आधी ती होतीच. ग्रेसी ॲलननं रेडिओवर आणि चित्रपटांत असं पात्र उभं केलं होतं, ज्याचं तर्कशास्त्र जगाच्या तर्कशास्त्राला काटकोनात छेदून जायचं आणि तरी स्वतःपुरतं बिनचूक असायचं. १९३३ सालच्या ‘डिनर ॲट एट’मध्ये जीन हार्लो एका धटिंगण, नवश्रीमंत माणसाची बायको झाली होती. पलंगावर लोळणारी, चॉकलेटं खाणारी आणि नवऱ्याला सव्वाशेर. त्या चित्रपटाचा दिग्दर्शक जॉर्ज क्यूकर. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. म्हणजे साचा तयार होता. या साच्यातला विनोद साधारण दोनच दिशांनी जायचा. एक तर बाईच्या अज्ञानावर आपण हसायचं, नाही तर तिच्या अज्ञानामुळे पुरुषाची जी फजिती होते त्यावर हसायचं. दोन्हीकडे तिचं अज्ञान हे जन्मजात, केसांच्या रंगासारखं. आता गंमत अशी की जूडीच्या केसांचा सोनेरी रंगही जन्मजात नव्हता. तो बाटलीतला होता.

न्यूयॉर्कमध्ये २१ जून १९२१ रोजी जन्मलेली ही ज्यूडिथ टूविम. घर ज्यू, आई पियानो शिकवणारी, वडील संस्थांसाठी निधी उभारण्याच्या कामात, वातावरण डाव्या विचारांच्या चर्चांचं. शाळेत असताना तिचा बुद्ध्यंक १७२ होता, असं तिच्याबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक लेखात छापलेलं सापडतं. मला या आकड्याचं फारसं कौतुक नाही. बुद्ध्यंकाच्या जोरावर कुणी विनोद करू शकत नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते तिचं पहिलं काम. ऑर्सन वेल्सच्या मर्क्युरी थिएटरमध्ये ती टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. त्यानंतर ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातल्या क्लबात तिनं बेटी कॉम्डेन आणि ॲडॉल्फ ग्रीन यांच्याबरोबर ‘द रिव्ह्यूअर्स’ नावाचा चमू उभा केला. स्वतःच लिहायचं, स्वतःच करायचं. वर्तमानपत्रं, जाहिराती, हॉलिवूड, सगळ्यांची टर उडवायची. कधीकधी पियानोवर साथीला लेनर्ड बर्नस्टाइन नावाचा तरुण असायचा. तेव्हा हे लक्षात घ्या, की बिनडोक बाईचं सोंग घेण्याआधी तिनं काही वर्षं बुद्धिमान माणसांच्या संगतीत, सोंगं कशी रचली जातात हेच शिकून घेतलं होतं. तिला विनोद आतून माहीत होता. कुठलं वाक्य कुठल्या शब्दावर संपलं की हशा पिकतो आणि एक शब्द पुढे गेलं की तो का मरतो, हे लिहिणाऱ्याला कळतं. नुसत्या नटाला ते नेहमी कळतंच असं नाही.

१९४६ साली गार्सन केनिन यांचं ‘बॉर्न यस्टर्डे’ हे नाटक ब्रॉडवेवर येत होतं. मुख्य भूमिका लिहिली होती जीन आर्थरसाठी. न्यूयॉर्कबाहेरचे प्रयोग सुरू असतानाच तिनं नाटक सोडलं आणि जूडीनं अवघ्या काही दिवसांत भूमिका पाठ करून ती उभी केली. ४ फेब्रुवारी १९४६ ला लायसियम थिएटरमध्ये नाटक उघडलं आणि पुढे त्याचे १,६४२ प्रयोग झाले. तीन वर्षांहून अधिक काळ त्यात जूडी होती. कोलंबिया स्टुडिओचा मालक हॅरी कोहन यानं चित्रपटाचे हक्क दहा लाख डॉलरना घेतले. आणि जूडी? ती त्याला नको होती. शेकडो प्रयोग हाउसफुल्ल करणारी नटी पडद्यावर चालणार नाही, असं त्याचं मत. रिटा हेवर्थसारखी नावं घेतली जात होती. मग केनिन, त्यांची पत्नी रूथ गॉर्डन, जॉर्ज क्यूकर, कॅथरिन हेपबर्न आणि स्पेन्सर ट्रेसी या मंडळींनी एक कट रचला. वाईट अर्थानं नव्हे. १९४९ सालच्या ‘ॲडम्स रिब’ या त्यांच्या चित्रपटात जूडीला नवऱ्यावर गोळी झाडणाऱ्या बाईची भूमिका दिली. तुरुंगात वकील म्हणून आलेली हेपबर्न तिची हकीकत ऐकते, तो प्रसंग मुद्दाम पाहा. कॅमेरा हलत नाही, दृश्य तोडलेलं नाही, आणि हेपबर्नसारखी तारका कडेला बसून सगळा पडदा या नवख्या मुलीला देऊन टाकते. जूडी बोलत जाते. बंदूक विकत घेतली, मग भूक लागली म्हणून खाल्लं, मग नवऱ्याच्या मागावर गेले, सगळं एकाच पट्टीत. आपण हसतो. आणि हसताना हळूहळू लक्षात येतं की या बाईला तिची हकीकत कुणी आजवर शेवटपर्यंत सांगू दिलेलीच नाही. कोहनचा विरोध त्यानंतर मावळला.

आता ‘बॉर्न यस्टर्डे’कडे येऊ. भंगाराच्या धंद्यात गब्बर झालेला हॅरी ब्रॉक वॉशिंग्टनला येतो, कारण त्याला कायदा आपल्या सोयीचा करून घ्यायचाय आणि त्यासाठी लोकप्रतिनिधी विकत घ्यायचाय. बरोबर त्याची सोबतीण बिली डॉन, पूर्वी नाचाच्या ताफ्यात काम करणारी. चित्रपटाच्या सुरुवातीला बिली नुसती दिसते. उंची कोट, ताठ मान, कुणीतरी राजघराण्यातली असावी असा रुबाब. मग हॅरी खालून ओरडतो आणि ती पहिल्यांदा तोंड उघडते. एकच शब्द, ‘काय?’, पण तो काच तडकवणाऱ्या आवाजात. थिएटर कोसळतं. हा आवाज जूडीचा स्वतःचा नव्हे, हे तिची गाणी ऐकलेल्यांना ठाऊक आहे. तो तिनं घडवलेला आहे. पण इथवरचं काम दुसरं कुणी करू शकलं असतं, असं क्षणभर मान्य करू. खरा पुरावा पुढच्या प्रसंगात आहे. हॅरी आणि बिली रमी खेळतात. जिन रमी, दोघांची. यात संवाद जवळजवळ नाहीत. बिली पानं उचलते, तोंडानं काहीतरी गुणगुणत राहते, पानं हातात लावते, एक इथून काढून तिथे, तिथलं पुन्हा इथे. बोटांची ती घाई, मधेच थबकणं, मग एकदम पानं खाली टाकून डाव जाहीर करणं. हॅरी चडफडतो. ती गुण मांडते आणि पैसे मागते. पुन्हा पानं पिसली जातात, पुन्हा तेच गुणगुणणं, पुन्हा तीच जिंकते. हजारो माणसांना दमात घेणारा हा धटिंगण पत्त्यांच्या टेबलावर हैराण होतो आणि तिचं त्याच्याकडे लक्षसुद्धा नाही. आता मला सांगा, रमीत सतत जिंकायला काय लागतं? समोरच्यानं काय टाकलं ते ध्यानात ठेवावं लागतं, शक्यता जोखाव्या लागतात, हिशोब पक्का असावा लागतो. म्हणजे या बाईला डोकं आहे. पहिल्यापासून आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे हा प्रसंग केव्हा येतो? तिचं शिक्षण सुरू होण्याआधी. पुस्तकाचं पहिलं पान उलटण्याआधी.

यावर पहिला आक्षेप येईल तो लेखकाच्या बाजूनं. हे श्रेय केनिन यांचं, त्यांनीच तसा प्रसंग लिहिला. लिहिला, यात वाद नाही. पण कागदावर हा प्रसंग म्हणजे मुख्यतः हालचालींच्या सूचना; त्यातली लय, ते गुणगुणणं आणि जिंकण्याबद्दलची ती बेफिकिरी कागदावर असू शकत नाही. १९९३ साली हाच चित्रपट नव्यानं निघाला, मेलनी ग्रिफिथ बिली झाली. गोष्ट तीच. मात्र त्या बिलीची आठवण आज किती जणांना आहे? क्यूकर यांनी १९५०च्या चित्रपटाआधी हा मजकूर स्टुडिओतल्या प्रेक्षकांसमोर नाटकासारखा करून पाहिला होता, हशा किती वेळ टिकतो आणि पुढचं वाक्य केव्हा यायला हवं हे अजमावायला. इतकी मशागत करूनही पडद्यावर तो प्रसंग आत्ताच सुचल्यासारखा वाटतो, ही करामत अभिनेत्रीची.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गोष्ट शेवटी पिग्मॅलियनचीच नाही का? हॅरीला बिलीची लाज वाटू लागते, तो पॉल व्हेरल नावाच्या पत्रकाराला पगार देऊन तिचा शिक्षक नेमतो, आणि त्या सुशिक्षित पुरुषाच्या हातून अडाणी बाई घडते. आपल्याकडे पिग्मॅलियन म्हटलं की ‘ती फुलराणी’ आठवते, आणि फुलराणीचा प्रश्नही आठवतो की मला घडवलंत खरं, पण आता माझं करायचं काय? तेव्हा आक्षेप असा की, बाईची बुद्धी पुरुषानं उसनी दिलेली आहे, तर जूडीनं साचा मोडला कुठे? या आक्षेपात तथ्य आहे आणि ते चित्रपटाच्या सर्वांत दुबळ्या भागाकडे बोट दाखवतं. व्हेरल फार उपदेश करतो. जेफर्सनचं स्मारक, ग्रंथालयं, चित्रसंग्रहालय, राज्यघटना, यांवर व्हेरल झालेल्या विल्यम होल्डनच्या तोंडी जी प्रवचनं आहेत ती आज ऐकवत नाहीत. पण दृश्यांत काय घडतं ते पाहा. व्हेरल तिला माहिती देतो, शब्द देतो, वाचायची पुस्तकं देतो. समज तिची स्वतःची आहे. ती आपण रमीच्या टेबलावर पाहिली आहे. इतकंच नव्हे, त्या दोघांत आधी कोण कुणाला हेरतं? बिलीच. आणि हॅरीला ती शेवटी कशाच्या जोरावर नमवते? व्हेरलनं शिकवलेल्या कुठल्याही धड्याच्या नव्हे. कर आणि कायदा चुकवायला हॅरीनं आपल्या मालमत्ता बिलीच्या नावावर केल्या होत्या आणि न वाचता सह्या करणारी बाई म्हणून तिला ठेवलं होतं. तिचं अज्ञान हे त्याच्या धंद्याचं भांडवल होतं! ती वाचायला लागते, सही करण्याआधी हे काय आहे असं विचारते, आणि तो हात उचलतो. तो प्रसंग विनोदी चित्रपटातला नाही. हॅरी तिला मारतो, ओढून सह्या करायला लावतो, आणि जूडी रडते ती विनोदी रडणं रडत नाही. तो किनरा आवाज एकदम नाहीसा होतो. प्रेक्षागृहात शांतता पसरते, कारण इतका वेळ आपण ज्या अज्ञानावर हसत होतो त्याला पहारा कुणाचा होता हे आपल्याला तेव्हा दिसतं. फुलराणीच्या गुरूला फार तर पैज जिंकायची असते. हॅरीला मात्र आपल्या बाईचं अडाणीपण टिकवायचंच असतं, फक्त चारचौघांत ते दिसू नये एवढी त्याची इच्छा. हा फरक छोटा नाही.

‘बॉर्न यस्टर्डे’साठी मिळालेल्या ऑस्करबद्दल दोन शब्द, कारण तिथेही एक आक्षेप चिकटलेला आहे. २९ मार्च १९५१ च्या समारंभात जूडीच्या विरुद्ध कोण होतं? ‘सनसेट बुलेव्हार्ड’मधली ग्लोरिया स्वॉनसन. ‘ऑल अबाउट ईव्ह’मधली बेटी डेव्हिस, आणि त्याच चित्रपटातली ॲन बॅक्स्टर. शिवाय ‘केज्ड’मधली एलेनर पार्कर. आजही चित्रपटप्रेमी हळहळतात की डेव्हिसची आणि बॅक्स्टरची मतं फुटली आणि मधल्या मध्ये विनोदी नटीचं फावलं. त्या रात्री जूडी आणि स्वॉनसन दोघीही न्यूयॉर्कमध्ये एकाच मेजवानीत रेडिओवर निकाल ऐकत होत्या, हे विशेष. मतं फुटली असतीलही. पण या हळहळीमागे एक न बोललेलं गृहीतक आहे: पुन्हा पडद्यावर यायला धडपडणारी म्हातारी तारका किंवा वय लपवणारी नटी साकारणं ही कला, आणि रमी खेळणारी बाई साकारणं हा योगायोग. शोकान्त भूमिकेचे कष्ट आपल्याला दिसतात, कारण ते दाखवायचेच असतात. विनोदी भूमिकेचे कष्ट दिसले की भूमिका पडलीच. तेव्हा जूडीचे कष्ट दिसले नाहीत, ही तक्रार म्हणजे तिला दिलेलं प्रमाणपत्रच नाही का?

आता येतो तो भाग, ज्यासाठी खरं तर मी हा विषय घेतला. जून १९५० मध्ये ‘रेड चॅनल्स’ नावाची एक पुस्तिका निघाली. रेडिओ आणि दूरचित्रवाणीवरच्या १५१ जणांची नावं त्यात होती, आणि प्रत्येक नावापुढे त्या माणसानं कधी कुठल्या डाव्या संस्थेच्या पत्रकावर सही केली, कुठल्या सभेला नाव दिलं याची यादी. जूडीचं नाव त्यात होतं. ती कम्युनिस्ट पक्षाची सभासद असल्याचा पुरावा सरकारी तपासातही मिळाला नाही. पण त्या वर्षांत पुरावा मागत होतं कोण? चित्रपटगृहांबाहेर तिच्याविरुद्ध फलक घेऊन माणसं उभी राहिली, आणि काही वर्षं रेडिओ-टीव्हीची दारं तिला जवळजवळ बंद झाली. २६ मार्च १९५२ रोजी सिनेटर पॅट मॅकॅरन यांच्या अंतर्गत सुरक्षा उपसमितीसमोर बंद दाराआड तिची साक्ष झाली. त्या साक्षीचा वृत्तान्त त्याच वर्षी प्रसिद्ध झाला, तेव्हा हे सगळं वाचायला उपलब्ध आहे. आणि वाचताना जाणवतं की सिनेटरांपुढे बसली होती ती १७२ बुद्ध्यंकाची बाई नव्हे, ती बिली डॉनची चुलत बहीण होती. या संस्थेला नाव दिलंत का? दिलं असेल, कुणीतरी फोन केला, काम चांगलं आहे म्हणाले. आता तरी सावध राहता का? त्यावर तिचं उत्तर असं की आता मी कॅन्सर, पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सी सोडून कशालाच हो म्हणत नाही. समितीला हवी होती ती माणसांची नावं. ‘रिव्ह्यूअर्स’मधल्या जुन्या साथीदारांबद्दल, ओळखीच्यांबद्दल तिला खोदून विचारलं गेलं. तिनं स्वतःचा भोळेपणा भरभरून दिला, कुणाला गोत्यात आणेल असं नाव मात्र दिलं नाही.

इथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. हे धैर्य की पळवाट? मे १९५२ मध्ये, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, नाटककार लिलियन हेल्मन यांनी दुसऱ्या एका चौकशी समितीला पत्र लिहून कळवलं की स्वतःबद्दल विचारा, दुसऱ्यांबद्दल मी बोलणार नाही. ते ताठ मानेचं पत्र इतिहासात गेलं. त्यांच्या शेजारी ठेवलं तर जूडीची साक्ष खुजी वाटते. तिनं माफीच्या सुरात काही वाक्यं उच्चारली, आपण बेजबाबदार होतो असं म्हणून घेतलं, समितीच्या अधिकारालाच आव्हान दिलं नाही. हे लपवण्यात अर्थ नाही. पण या दोघींच्या मधे, एप्रिल १९५२ मध्ये, एलिया कझान या अमेरिकेतल्या बहुधा सर्वांत मान्यवर दिग्दर्शकानं अशाच एका समितीसमोर आपल्या आठ जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली. तीन महिने, तीन माणसं. कझानची बुद्धी कुणी नाकारत नाही. त्यानं ती नावं देण्याच्या समर्थनासाठी वापरली, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन. जूडीनं आपली बुद्धी लपवण्यासाठी वापरली. मॅकॅरनच्या माणसांनी तिला आधीच जे ठरवून टाकलं होतं, सोनेरी केसांची, कुणीही फसवावी अशी बाई, ते सोंग तिनं त्यांच्याच पदरात टाकलं, आणि त्या सोंगाआड साथीदार सुरक्षित राहिले. मी याला हेल्मनच्या तोडीचं म्हणणार नाही. पण बाईला बिनडोक समजण्याची जी सवय हॅरी ब्रॉकला गोत्यात आणते, त्याच सवयीनं एक सिनेट समितीही फसली, हे नोंदवायला मला आवडतं. आणि याची किंमत? तिला मोकळं सोडलं, ते मूर्ख समजून. बुद्धिमान माणसाला आयुष्यभर आपल्या सुटकेचं हे कारण सोबत वागवावं लागणं, हा काही छोटा अपमान नाही.

तिसरा आक्षेप साधा आहे आणि सर्वांत जास्त ऐकू येतो. ती एकच भूमिका करत राहिली. बाहेरून पाहता खरं आहे. स्टुडिओला त्याच बिलीच्या आवृत्त्या हव्या होत्या. पण त्या आवृत्त्या एकेक करून पाहा. १९५२ सालचा ‘द मॅरिंग काइंड’, क्यूकर यांचाच: घटस्फोटासाठी न्यायाधीशासमोर आलेलं एक सामान्य जोडपं, अल्डो रे आणि जूडी, आपल्या संसाराची गोष्ट सांगतंय. सहलीचा प्रसंग. ती युकुलेले वाजवत गाणं म्हणतेय, आजूबाजूला उन्हाळ्याची सुट्टी, आणि मागून गलका सुरू होतो. त्यांचा मुलगा पाण्यात बुडतो. विनोदी चित्रपटाच्या मधोमध, गाण्याच्या कडव्यात, सूचना न देता. जूडीच्या चेहऱ्यावरून गाणं कसं उतरतं ते पाहिलं की एकच भूमिका हा शब्द तोंडात थिजतो. माझ्या मते हा तिचा सर्वोत्तम चित्रपट आहे, आणि तो फारसा चालला नाही. १९५४ सालच्या ‘इट शुड हॅपन टू यू’मध्ये ती ग्लॅडिस ग्लोव्हर, नोकरी गेलेली मुलगी, जी उरलेल्या पैशांतून न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला एक मोठा जाहिरातफलक भाड्यानं घेते आणि त्यावर नुसतं स्वतःचं नाव लावते. काही विकायचं नाही, काही सांगायचं नाही, नाव दिसलं पाहिजे. शहर तिला प्रसिद्ध करून टाकतं, केवळ ती प्रसिद्ध आहे म्हणून. (आज हे ऐकून कुणाला हसू येतंय, कुणाला नाही, ते मला इथून दिसतंय.) जॅक लेमनचा हा पहिला चित्रपट. आणि १९५६ सालचा ‘द सॉलिड गोल्ड कॅडिलॅक’: दहा शेअर असलेली लॉरा पार्ट्रिज कंपनीच्या वार्षिक सभेत उभी राहून संचालकांना विचारते की तुम्हाला एवढा पगार कशाबद्दल मिळतो? तिला गप्प करायला ते तिला नोकरी देतात, छोट्या भागधारकांना पत्रं लिहायची. ती मन लावून पत्रं लिहिते. शेवटी तेच भागधारक आपली मतं तिच्या हवाली करतात आणि संचालक मंडळ घरी जातं. साच्यातली बाई, हो. पण एक गोष्ट लक्षात येते का? बिली सह्या करण्याआधी वाचायला लागते, लॉरा पगार विचारते, ग्लॅडिसला तिचं नाव हवं असतं. प्रत्येक वेळी ती अगदी बाळबोध प्रश्न विचारते, आणि उत्तर देणाऱ्यांची धांदल उडते. साचा एकच असेल. त्यातून तिनं दर वेळी वेगळ्या माणसांना उघडं पाडलं: राजकारणी, जाहिरातवाले, कंपन्यांचे साहेब.

रंगभूमीवर तिला मोकळीक अधिक मिळाली. कॉम्डेन आणि ग्रीन या जुन्या साथीदारांनी तिच्यासाठी ‘बेल्स आर रिंगिंग’ ही संगीतिका लिहिली, संगीत जूल स्टाइन यांचं. १९५६ च्या नोव्हेंबरात ती उघडली. नायिका टेलिफोन निरोप सेवेत काम करणारी, ग्राहकागणिक आवाज बदलणारी, आवाजांआड स्वतः दडून बसलेली. मर्क्युरी थिएटरच्या बोर्डावरच्या मुलीला बोर्ड परत मिळाला, म्हणा. १९५७ चं टोनी तिला मिळालं ते ‘माय फेअर लेडी’च्या ज्यूली ॲन्ड्रूजला मागे टाकून, म्हणजे पिग्मॅलियनच्या नायिकेलाच! १९६० साली व्हिन्सेंट मिनेली यांनी याच संगीतिकेचा चित्रपट केला, डीन मार्टिन नायक. तो तिचा शेवटचा चित्रपट ठरला. त्याच वर्षी अभिनेत्री लॉरेट टेलरच्या जीवनावरचं नाटक तिनं हाती घेतलं, गंभीर भूमिका, पण आजारपणामुळे ते ब्रॉडवेपर्यंत पोचलंच नाही. जॅझ संगीतकार जेरी मलिगनबरोबर ती गाणी लिहू लागली होती; ती स्वतः गायलेली ध्वनिमुद्रिका तिच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी बाजारात आली. १९६३ ची ‘हॉट स्पॉट’ ही संगीतिका पडली. स्तनाच्या कर्करोगानं ७ जून १९६५ रोजी न्यूयॉर्कमध्ये ती गेली.

व्याख्यान संपवताना या सभागृहातल्या तरुण मुलींना, विशेषतः ज्यांना नाटकात, मालिकेत ‘वेंधळी बाई कर, लोकांना आवडते’ असं सांगितलं जातं त्यांना, एक विनंती करतो. जूडीचे चित्रपट पाहा, पण ऑस्करवाल्या चित्रपटापासून सुरुवात करू नका. आधी ‘ॲडम्स रिब’मधला तुरुंगातला प्रसंग, मग ‘द मॅरिंग काइंड’ पूर्ण, आणि त्यानंतर ‘बॉर्न यस्टर्डे’. जमलं तर १९५२ च्या साक्षीचा वृत्तान्तही वाचा. आणि पुढच्या वेळी कुणी तुमच्या हातात अशी भूमिका दिली, तर संहितेत आधी हे शोधा की या बाईच्या मठ्ठपणावर कुणाचं घर चाललंय. सापडलं तर भूमिका घ्या. नाही सापडलं, तर लेखकाला विचारा.